सातबाऱ्यावरचं झुडपी जंगल

काटोलहून कोंढाळीकडे निघालं की आधी संत्र्याचे बगिचे लागतात, मग कपाशी-तुरीची वावरं, आणि चढ सुरू झाला की बरड. तांबूस मुरूम, त्यात बोरीच्या भराट्या, हिवर, पळसाचे खुंट, मधे सीताफळ, एखादा बेल. ही जागा काय आहे असं गावात विचारलं तर उत्तर मिळतं, "काही नाही, झुडपी आहे." आज आपण या ‘काही नाही’चा इतिहास बघू. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याच जमिनीबद्दल मोठा निकाल दिला. त्यावर बोलणं झालं ते घरं, सरकारी इमारती आणि प्रकल्प यांच्याबद्दल. त्या जमिनीत शेळ्या चारणाऱ्या, सरपण वेचणाऱ्या बाया त्या बोलण्यात फारशा आल्याच नाहीत.

झुडपी हा शब्द झाडांनी स्वतःला दिलेला नाही, तो महसुलाच्या कागदानं दिला. १८५४ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. नंतरच्या बंदोबस्तात गावोगावच्या मालगुजारांना गावाचे मालक ठरवलं. वावरं कसणाऱ्यांची, पण पडीक, गवताळ, झाडोऱ्याची जमीन मालगुजाराच्या नावावर गेली. गावकऱ्यांना त्या जमिनीतून काय घेता येईल, ते ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात लिहिलं जाई. गावच्या रोजच्या गरजेला शब्द होता निस्तार. जळण, चारा, कुंपणाची काटी, घराचे खांब, ढोरांची वाट, मसणवटा, सगळं निस्तारात येई. मोळी आणणारी बाई, आणि कागद लिहिताना पारावर बसलेले मालगुजार, पटेल आणि पटवारी. त्या कागदात आपल्या आज्या-पणज्यांचं काम आहे, त्या स्वतः नाहीत.

त्याच काळात दोन गोष्टी एकदम झाल्या. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. काळ्या मातीवरचा झाडोरा कापसासाठी मोडला गेला. रुळांखालच्या स्लीपरना आणि इंजिनांच्या जळणाला लाकूड लागलं. मागे उरलं ते मुख्यतः नांगर न चालणारं बरड आणि टेकड्यांचे उतार. आज आपण ज्याला झुडपी म्हणतो, त्याचा बराच भाग हा असा उरलेला आहे, आणि पुढे कुऱ्हाड आणि ढोरांचं तोंड रोज लागून तो खुरटला. मुळात तिथे झाड वाढतच नाही असं नाही. एखाद्या देवस्थानाजवळचं, कोणी हात न लावलेलं बरड बघा, फरक कळतो.

इंग्रजांच्या जंगलखात्याचा पहिला मोठा साहेब जर्मन होता. डायट्रिच ब्रँडिस, १८६४ पासून सगळ्या हिंदुस्थानच्या जंगलांचा प्रमुख. त्याच्या हाताखालचे साहेबही जर्मनीत आणि फ्रान्समध्ये शिकून येत. तिकडचं जंगल थंड प्रदेशातलं. पाऊस-बर्फ वर्षभर विभागून पडतं, जमीन ओली राहते, आणि ओक, बीच, स्प्रूस यांची सरळसोट झाडं उभी राहतात. तिकडची पानगळीची झाडं थंडीपायी पानं टाकतात, आपली झाडं पाण्यापायी. आपल्याकडे चार महिने पाऊस, मग आठ महिने त्याच ओलीवर जगायचं आणि एप्रिल-मे मध्ये ४५ अंशांचं ऊन सोसायचं. सरळ खोड आणि लाकडाचे घनफूट ही जंगलाची मोजपट्टी धरली, तर सागवान जंगल ठरतं आणि बोर-हिवर कचरा ठरतो. तसंच झालं. जाता जाता सांगतो, जर्मनीतही ओळीनं लावलेल्या एकाच जातीच्या स्प्रूसनं शेवटी दगा दिला. २०१८ पासून कोरडी वर्षं लागोपाठ आली, खोडकिडा पडला, आणि हार्झ डोंगरावरचे स्प्रूसचे उतारच्या उतार वाळून उभे राहिले.

पण ब्रँडिसवर सगळं खापर फोडणं बरोबर नाही. गावांना त्यांची स्वतःची जंगलं द्यावीत असं तो सांगत होता. त्याच्या खात्यातल्या बेडन-पॉवेलसारख्या अधिकाऱ्यांना मात्र सगळं सरकारचं हवं होतं. १८७८ चा जंगल कायदा झाला तेव्हा जोर याच बाजूचा ठरला. ‘गावजंगल’ कायद्यात राहिलं, पण गावांच्या हातात फारसं आलं नाही. १९२७ च्या कायद्यात, जो आजही चालू आहे, ते २८ व्या कलमात आहे.

आता या काटेरी जागेकडे नीट बघू. आमच्या गटातल्या बायांना आम्ही एकदा विचारलं की झुडपीतून घरात काय काय येतं. पहिल्यांदा सगळ्या म्हणाल्या, काही नाही. मग एकीनं सरपण म्हटलं, आणि पुढे थांबेचनात. आषाढात तरोट्याची भाजी. दिवाळीच्या सुमारास सीताफळं. थंडीत बोरं. पळसाची पानं पत्रावळीला. शिंदीचा फडा. वावराच्या धुऱ्याला बोरीची काटी. हिवराच्या शेंगा शेळ्यांना. कुसळीचं गवत, पण ते कुसळ धरायच्या आत कापलं तर, नाहीतर ढोरांच्या तोंडाला टोचतं. एक आजी शेवटी म्हणाली, "नवरा गेला तेव्हा वावर दिरानं घेतलं, बरड कोणी घेतलं नाही म्हणून पोरं जगली." त्या वाक्यानंतर कोणी काही बोललं नाही.

जमिनीलाही याचा उपयोग आहे. उघड्या मुरमावर पडलेलं पाणी धावत नाल्यात जातं आणि माती घेऊन जातं. गवताचे ठोंब आणि झुडपांची मुळं असतील तर पाणी थांबतं, मुरमात मुरतं, आणि खालच्या विहिरींना लागतं. संत्र्याच्या बगिच्यांसाठी बोअर खोल-खोल नेणाऱ्या आपल्या तालुक्याला ही गोष्ट वेगळी सांगायला नको. शिवाय भराटी ही नर्स आहे म्हणा. तिच्या काट्यांत शेळीचं तोंड शिरत नाही. पाखरं फळं खाऊन तिच्यावर बसतात, त्यांच्या विष्ठेतून पडलेली निंबाची, चंदनाची बी तिथेच रुजते. चंदन तर आपली मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना जोडून जगतं, एकट्यानं त्याचं भागत नाही. पळस तोडला तरी मुळांतून फुटतो. तितर, लावे, ससे, खोकड इथेच राहतात. रोही आणि रानडुकरंही राहतात आणि रात्री आपल्या वावरात येतात, हेही खरंच आहे; ते लपवून जंगलाचं गुणगान करण्यात अर्थ नाही.

म्हणूनच झुडपी साफ करून खड्डे खणण्याचा कार्यक्रम आम्हाला पटत नाही. आमच्या गटांच्या एका गावात असंच झालं. भराट्या उपटल्या, गवत खरडलं, रोपं लावली, फोटो काढले. दुसऱ्या उन्हाळ्यात रोपंही नव्हती आणि गवतही नव्हतं. खड्डे मात्र अजून आहेत. त्याच जागेला चार-पाच वर्षं कुऱ्हाडबंदी केली असती आणि चराई पाळीनं ठेवली असती, तर खुंटांतूनच जंगल वर आलं असतं. त्याला खर्चही कमी.

पुन्हा कागदाकडे येऊ. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली आणि ही सगळी जमीन सरकारजमा झाली. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, नागपूर राजधानी. निस्तारासाठी ठेवलेल्या जमिनींची गावनिहाय यादी झाली, तिचं नाव निस्तारपत्रक. खुरट्या झाडोऱ्याच्या जमिनीपुढे नोंद झाली झुडपी जंगल. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, नोंद तशीच राहिली. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही विदर्भासाठी निस्तारपत्रकाची वेगळी तरतूद ठेवली आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या मैत्रिणींना म्हणूनच झुडपी जंगल म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं.

१९८० मध्ये वनसंवर्धन कायदा आला. वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्र सरकारची परवानगी लागेल, असं ठरलं. मग प्रश्न उठला की झुडपी ही वनजमीन आहे की महसुलाची. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत शाळा, दवाखाने, घरं, मसणवटे अशा जमिनीवर आधीच उभे होते. झुडपीमुळे विदर्भाचा विकास अडतो, अशी तक्रार वर्षानुवर्षं चालली, आणि ती अगदीच खोटी नाही. झुडपीवर राहणाऱ्या गरीब बाईचं घरकुल अडकलेलं आम्ही पाहिलं आहे. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी कागदावर जंगल लिहिलं असेल तर मालकी कोणाचीही असो, ते जंगलच. तरी राज्य सरकार सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी वनासाठी अयोग्य म्हणून यादीतून वगळायला मागत होतं.

२२ मे २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई, जे आपल्याच अमरावतीचे, आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन मसीह यांनी निकाल दिला. झुडपी हे वनच. १९९६ च्या त्या तारखेआधी सक्षम अधिकाऱ्यानं दिलेल्या जमिनींसाठी सरकारनं केंद्राची मंजुरी घ्यावी. त्यासाठी बदली वनीकरणाची अट नाही. त्यानंतर वाटप झालं असेल तर का झालं आणि कोणत्या अधिकाऱ्यानं केलं, ते सांगावं. २५ ऑक्टोबर १९८० नंतरची धंद्यासाठीची अतिक्रमणं दोन वर्षांत काढावीत. वाटप न झालेले, तीन हेक्टरांहून लहान, जंगलाला न लागलेले तुकडे ‘संरक्षित वन’ म्हणून जाहीर करावेत. हे शेवटचं वाक्य आपल्यासाठी. असे तुकडे आपल्या गावोगावी आहेत. उद्या तिथे पाटी लागली आणि शेळी आत गेली म्हणून कोणी हटकलं, तर आपण काय दाखवणार?

दाखवायला दोन गोष्टी आहेत. एक निस्तारपत्रक. दुसरा २००६ चा वनहक्क कायदा. त्यात वनजमिनीच्या व्याख्येत मानीव वन, संरक्षित वन सगळं येतं. म्हणजे झुडपी जर वन असेल, तर तिच्यावर ग्रामसभेचा सामूहिक दावाही लागू शकतो. आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती आणि जंगलावर अवलंबून असल्याचा पुरावा द्यावा लागतो. हे सोपं नाही, पण मालगुजारीच्या काळातला वाजिब-उल-अर्ज हाच तर असा पुरावा आहे. गावाचा जुना निस्तार त्यात लिहिलेला असतो.

अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावाला २०१२ मध्ये सुमारे १९३ हेक्टरांवर असा सामूहिक हक्क मिळाला. उजाड टेकडीच होती ती. गावानं राखण केली, सीताफळं वाढवली, ती मुंबईच्या बाजारापर्यंत विकली, आणि २०१४ मध्ये गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आपल्या गटांनी या महिन्यात एवढं करावं. तलाठी कार्यालयात अर्ज देऊन गावच्या झुडपी जंगलाचे गट क्रमांक, क्षेत्र आणि निस्तारपत्रकाची नक्कल मागावी. अर्जाची पोच घ्यावी, शिक्का बघावा. वाजिब-उल-अर्जाची नक्कल जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातून मागता येते. त्यातले काही शब्द उर्दू वळणाचे आहेत, तेव्हा वाचायला एखाद्या निवृत्त पटवाऱ्याला सोबत घ्या. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया लागतात, आणि दाव्याचा ठराव करणाऱ्या ग्रामसभेत हजर असलेल्यांतही तेवढ्याच. नक्कल हातात आली की गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचा, आणि कोणत्या जागेला गावात कोण काय म्हणतं, ते म्हाताऱ्या बायांकडून समासात लिहून घ्या.