चार चाके आणि बळाची वाटणी

चार मुलांनी एका रांगेत हात धरून वळण घेतले, तर बाहेरच्याला धावावे लागते आणि आतला जवळजवळ जागच्या जागी पावले टाकतो. मोटारीच्या चाकांचेही तसेच आहे. दोन्ही चाके एकाच अखंड आसावर घट्ट बसवली, तर वळणावर त्यांतले एखादे रस्त्यावर घासत जाणारच.

यावरचा उपाय फ्रान्समधील घड्याळजी ओनेसिफोर पेकर याने १८२०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या वाफेच्या गाडीसाठी योजला. तोच डिफरन्शियल. दंतचक्रांच्या या जोडणीमुळे दोन चाके वेगवेगळ्या वेगांनी फिरू शकतात. फिरवणारे बळ मात्र दोघांना सारखेच मिळते. मेख इथेच आहे. समजा, चिखलातल्या चाकाची पकड १० एकके आहे आणि कोरड्यावरच्या चाकाची १००. चिखलातले चाक १० पेक्षा जास्त बळ घेऊच शकत नाही, नुसते गरगरते. म्हणून दुसऱ्यालाही १०च मिळतात. एकूण २०! दोन्ही चाके एकमेकांना जखडली असती, तर ११० मिळाले असते.

चारही चाकांना बळ दिले तर? हॉलंडच्या स्पायकर कंपनीने १९०३ साली अशी मोटार बनवली. पण वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांच्या वेगांतही फरक पडतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये तो सामावून घेणारा मधला डिफरन्शियल नव्हता. गरज पडली की चालक दांडा ओढून पुढची चाके इंजिनाला जोडत असे. चिखलात चाके थोडी घसरून फरक भरून काढत. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र जोडणी सोडवावी लागे, नाहीतर दंतचक्रांवर ताण येई. पुढे मुंबईत जुळणी झालेल्या महिंद्रच्या जीपचीही हीच रीत होती.

ट्रॅक्टरसाठी प्रसिद्ध असलेल्या हॅरी फर्ग्युसनच्या संशोधन-कंपनीने मार्ग काढला. तिची यंत्रणा १९६६ साली इंग्लंडच्या जेन्सन एफएफ मोटारीत आली. मधला डिफरन्शियल पुढे ३७ टक्के आणि मागे ६३ टक्के बळ देई, आणि वेगांतला फरक मर्यादेपलीकडे गेला की आपोआप जखडला जाई. १९८० सालच्या आउडी क्वाट्रोमध्ये तो चालकाला हवा तेव्हा जखडता येई. रॅली शर्यतींतल्या तिच्या यशाने ही कल्पना घरोघर पोचली.

आज अनेक मोटारींत संगणक गरगरणाऱ्या चाकालाच ब्रेक लावतो. आपल्या उदाहरणात ब्रेकने ९० एककांचा विरोध केला, तर चिखलातले चाक १०० घेते आणि दुसऱ्यालाही १०० मिळतात. रस्त्यावर लागू पडतात १० अधिक १००, म्हणजे पुन्हा ११०च. ब्रेकवर खर्ची पडलेल्या ऊर्जेची उष्णता होते.

१११ मात्र कोणत्याच युक्तीने मिळत नाहीत. यंत्रणा बळ वाटते. पकड टायर आणि रस्ता ठरवतात. थांबताना तर प्रत्येक मोटारीचे ब्रेक चारही चाकांवरच लागतात. म्हणून चारही चाकांना बळ देणारी मोटार ओल्या घाटात चढायला सरस असली, तरी त्या यंत्रणेमुळे उतारावर लवकर थांबत नाही. हा फरक विद्यार्थ्यांनी वाहन हाती घेण्याआधीच समजून घ्यायला हवा.