पाडव्याचा सौदा

शनिवार, 10 एप्रिल 1948. पैठणच्या वरच्या अंगाला, गोदाकाठच्या एका गावात तुम्ही उतरला आहात. तुमच्या काळात या काळ्या रानावर जायकवाडी धरणाच्या नाथसागराचं पाणी आहे, पण इथे त्या धरणाच्या पायाभरणीला, 1965 ला, अजून बराच अवकाश आहे.

दारोदार वेळूच्या काठीला खण, कडुनिंबाचा डहाळा, साखरेची गाठी आणि वर पालथा तांब्या. पोरांच्या गळ्यातल्या गाठ्या चाटून चाटून निम्म्या झाल्यात. एक म्हातारी तुमच्या हातावर कडुनिंब, गूळ, ओवा नि मीठ वाटून केलेली गोळी ठेवते. "चावून खा बाबा, तशीच गिळू नको."

पारावर जोशीबुवा पंचांग वाचतात : शके 1870, सर्वधारी नाम संवत्सर. निजामाच्या कचेरीत मात्र साल फसली 1357, सारा त्याच हिशेबानं भरायचा. याच संवत्सरात, सप्टेंबरात, निजामाचं राज्य जाणार आहे. तुम्हाला ते ठाऊक आहे. सांगू नका, रझाकारांच्या धास्तीनं माणसं आधीच हलक्या आवाजात बोलताहेत.

आता वाड्याकडे चला. पाडव्याच्या कौतुकात जे सहसा कुणी लिहीत नाही, ते इथे चाललंय. शाळूचं खळं उरकलंय, आणि वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालगड्याचं साल आज भरलंय. मालक ओसरीवर, गडी खाली अंगणात उकिडवा. रोख किती, ज्वारी किती, धोतरजोडी, वहाणा, घोंगडी. कागद नाही, सगळं तोंडी.

"मालक, औंदा दोन पायल्या वाढवा. पोरगी लग्नाला आली."

"आधी मागची उचल फेड, मग वाढीचं बोल."

गडी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहतो. फाटक्या वहाणा त्यानं पायरीपासून लांब काढून ठेवल्यात. उचल फिटलेली नाही, म्हणजे दुसऱ्याचं दार धरायची सोय नाही. शेवटी एक पायली वाढते. मालकीणबाई पुरणाची पोळी आणून वरून त्याच्या हातावर टाकते, आणि पुढचा पाडवा येईस्तोवर तो या घरचा होतो. याला सण म्हणायचं की बांधणी, तुम्ही ठरवा.

मराठवाड्यात सालगड्याचं साल आजही पाडव्यालाच ठरतं. रोख आकडा लाखाच्या पुढे गेलाय, आणि गडी मिळत नाही अशी तक्रार आता मालक करतात.