दादासाहेब मावळंकर : वकील आणि सभापति

वकील हा एका पक्षाचा कैवारी असतो. सभापतीला मात्र कोणाचाच कैवार घेतां येत नाहीं. पहिल्या लोकसभेचे सभापति कै. गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर यांच्या आयुष्यांत या दोन्ही भूमिका एकामागून एक आल्या, आणि दुसरी निभावतांना त्यांची खरी कसोटी लागली.

मावळंकर घराणें मूळचें रत्नागिरी जिल्ह्यांतील मावळंगें गांवचें. दादासाहेबांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजीं बडोद्यास झाला. परंतु त्यांची कर्मभूमि अहमदाबाद. तेथील गुजराथ कॉलेजांतून ते १९०८ मध्यें पदवीधर झाले, मुंबईस कायद्याचें शिक्षण पुरें केलें आणि १९१३ पासून अहमदाबादेस वकिली करूं लागले. लवकरच गांधीजी व वल्लभभाई पटेल यांच्या सहवासानें ते सार्वजनिक कार्यांत ओढले गेले. असहकार, नगरपालिकेचें अध्यक्षपद आणि वेळोवेळीं कारावास असा पुढील क्रम आहे. तुरुंगांत भेटलेल्या बंदिवानांच्या सत्यकथा त्यांनीं ‘मानवतानां झरणां’ या गुजराती पुस्तकांत सांगितल्या आहेत. न्यायालयानें ज्याला दोषी ठरविलें त्याचेंही म्हणणें ऐकून घेण्याची ही वृत्ति पुढें सभागृहांत त्यांच्या कामीं आली.

१९३७ मध्यें ते मुंबई विधिसभेचे सभापति झाले. जानेवारी १९४६ मध्यें मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदासाठीं सर कावसजी जहांगीर यांच्याशीं त्यांची लढत झाली व ६६ विरुद्ध ६३ अशा अवघ्या तीन मतांच्या आधिक्यानें ते निवडून आले. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीं तें कायदेमंडळ संपलें. घटनासमितीनें घटना करण्याचें व कायदे करण्याचें काम कसें चालवावें, हा प्रश्न त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीपुढें आला. दोन्ही कामें वेगळीं ठेवावीं, असा तिचा निर्णय झाला. १७ नोव्हेंबर १९४७ रोजीं कायदे करणाऱ्या सभेचे सभापति म्हणून त्यांचीच निवड झाली. १५ मे १९५२ रोजीं नव्या लोकसभेनें शंकर शांताराम मोरे यांच्याविरुद्ध ३९४ विरुद्ध ५५ मतांनीं त्यांना निवडलें.

इंग्लंडांत सभापति होतांच पक्षाशीं नातें तोडण्याचा प्रघात आहे. दादासाहेबांनीं काँग्रेस सोडली नाहीं. पुढील निवडणुकींत सभापतीची जागा बिनविरोध सोडण्यास इतर पक्ष तयार झाल्याखेरीज त्याच्याकडून पूर्ण पक्षत्यागाची अपेक्षा करणें योग्य नव्हे, असें त्यांचें म्हणणें होतें. या युक्तिवादांत तथ्य होतें, तरी त्यामुळें संशयाला जागा राहिली ती राहिलीच.

त्यांचें चिरस्थायी कार्य समित्यांच्या रूपानें उभें आहे. सरकारी खर्चाची छाननी करणारी अंदाज समिति १९५० मध्यें स्थापन झाली. मंत्र्यांनीं सभागृहांत दिलेलीं आश्वासनें हवेंत विरूं नयेत म्हणून १९५३ मध्यें आश्वासन समिति आली. ‘चौकशी करूं’ असें म्हणून मंत्री बसला कीं त्याच्या शब्दाची नोंद होऊं लागली.

स्वपक्षाच्या सरकारलाही त्यांनीं बजावलें. लोकसभेला वळसा घालून वटहुकूम काढण्याची प्रथा लोकशाहीला मारक आहे, ती अपवादात्मक प्रसंगापुरतीच असावी, असें त्यांनीं १९५४ मध्यें पंतप्रधान नेहरूंना लिहिलें. त्याच वर्षीं १८ डिसेंबर रोजीं विरोधकांनीं त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव आणला. तहकुबीच्या सूचना ते बहुधा नाकारतात, ही मुख्य तक्रार होती. चर्चेच्या वेळीं उपसभापति अनंतशयनम अय्यंगार अध्यक्षस्थानीं होते. ठराव फेटाळला गेला.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजीं सभापतिपदावर असतांनाच त्यांचें निधन झालें. वटहुकुमांचा वाद आणि सभापतीच्या पक्षनिष्ठेचा प्रश्न त्यांच्यामागून कितीदां तरी उपस्थित झाला. परंतु त्यांनीं उभारलेल्या समित्यांनीं प्रत्येक सरकारला जाब विचारण्याचें साधन लोकसभेच्या हातीं ठेवलें, आणि तें साधन त्यांच्या स्वतःच्या पक्षाविरुद्धही चालावें असेंच त्यांनीं घडविलें होतें.