नाव एकाचे, हिस्सा अनेकांचा

अंधेरी, घाटकोपर, बोरिवली आणि मुलुंड ही आज मुंबईची उपनगरे म्हणून गणली जाणारी गावे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, त्या बेटाने पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज अशा तीन राजवटी पाहिल्या. परंतु वडील मृत्युपत्र न करता निवर्तले म्हणजे त्यांच्या मिळकतीवरून भावंडांत उभा राहणारा तंटा यांपैकी एकाही राजवटीला कायमचा मिटवता आला नाही. या तंट्याचे खापर सहसा लोभावर फोडले जाते. लोभ असतोच, तथापि वसुलीच्या सोयीसाठी दप्तराला नेहमी एकच नाव हवे असे आणि वारसाचा कायदा मात्र हिस्से अनेकांना देत असे, या दोहोंतील अंतरातच बहुतेक दाव्यांचे बीज सापडते.

इंग्रजांनी १७७४ मध्ये साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. पुढे १८२७ साली गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत झालेल्या चौथ्या रेग्युलेशनने असे ठरविले की, सरकारी कायदा नसेल तेथे मुलखाची रूढी पाहावी आणि रूढीही नसेल तेथे प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा लावावा. परिणामी एकाच शिवारात शेजारी नांदणाऱ्या घरांना निरनिराळे न्याय लागू झाले. ख्रिस्ती शेतकरी निवर्तला तर १८६५ च्या वारसा कायद्याप्रमाणे विधवेला एक तृतीयांश मिळून उरलेली मालमत्ता मुलगे आणि मुली यांच्यात सारखी वाटली जाई. त्याच वर्षीच्या पारशी वारसा कायद्याने मुलीला मुलाच्या हिश्शाची चौथाई मिळे. आणि हिंदूच्या घरी मुलगे हयात असता मुलीच्या वाट्याला पोषण आणि लग्नखर्च यांपलीकडे काही येत नसे. मात्र उत्तर कोकणात मिताक्षरा या धर्मशास्त्रग्रंथाबरोबर नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ प्रमाण मानला जाई. मूळच्या पैठणच्या, परंतु काशीत स्थायिक झालेल्या घराण्यातील या सतराव्या शतकातील पंडिताच्या आधारे बहिणीलाही वारसांच्या मालिकेत स्थान मिळाले. आणि पुत्र व विधवा यांच्या अभावी मुलीकडे आलेली मिळकत मुंबई इलाख्यात पूर्ण मालकीची मानली गेली, जी अन्य प्रांतांत बहुधा तिच्या हयातीपुरतीच असे.

कायद्याची ही विविधता महसुलाच्या दप्तरात मात्र उमटली नाही. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. खातेदार मयत झाला की वारसांनी तलाठ्याकडे वर्दी द्यावी, फेरफार पडावा आणि नोंद प्रमाणित व्हावी, असा क्रम ठरला. प्रत्यक्षात वडील भावाचे नाव कबजेदार म्हणून चढे आणि त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, अशी तीन अक्षरे पडत; बहिणींची नावे आलीच तर ती ‘इतर हक्क’ या रकान्यात जाऊन बसत. जमिनीत भात पिकत होते आणि त्या भातावर घर कसेबसे चालत होते, तोवर त्या रकान्याकडे कोणी पाहिले नाही. परंतु १९५० मध्ये अंधेरी-घाटकोपर आणि १९५७ मध्ये बोरिवली-मुलुंड बृहन्मुंबईत आले, शेतांचे भूखंड झाले आणि कित्येक वर्षे निपचित पडलेली ती तीन अक्षरे दिवाणी कोर्टात वादाचा मुद्दा बनली. फेरफार हा सारावसुलीपुरता असतो, त्याने मालकी निर्माण होत नाही, असे न्यायालये वारंवार सांगत आली. पण सातबारा हाच मालकीचा शेवटचा शब्द, ही लोकांची समजूत त्याहून बळकट ठरली.

चाळीतील खोलीची गोष्ट आणखी निराळी. तेथे दप्तर म्हणजे घरमालकाची भाडेपावती आणि तीवरही एकच नाव. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने असे ठरविले की, भाडेकरू मयत झाला त्या वेळी त्याच्यासह राहत असलेल्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जावा. असे अनेक असतील तर त्यांनी आपसांत ठरवावे, न ठरल्यास कोर्टाने ठरवावे. येथे रक्ताच्या नात्याहून वास्तव्य श्रेष्ठ ठरले. जो भाऊ जागेच्या टंचाईमुळे डोंबिवलीस जाऊन राहिला त्याचा हक्क क्षीण झाला आणि जो आईबापांपाशी राहिला त्याची बाजू बळावली. शिवाय अशी खोली मृत्युपत्राने कोणास देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितल्यामुळे दूरदर्शी बापाचाही येथे इलाज चालत नाही.

तिसरे दप्तर गृहनिर्माण संस्थेचे. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यान्वये सभासदाने नामनिर्देशन करावयाचे असते. आणि ज्याचे नाव त्या अर्जात लिहिले तो सदनिकेचा धनी, असे घरोघरी मानले जाते. न्यायालयांच्या दृष्टीने तो वारसांचा केवळ विश्वस्त असतो. नोकरीच्या पैशांतून घेतलेली सदनिका ही बापाची स्वकष्टार्जित मिळकत. तीत विधवा, आई, मुलगे आणि मुली यांना समान वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच दिलेला आहे, त्यासाठी २००५ च्या दुरुस्तीची वाट पाहावी लागली नाही. ती दुरुस्ती मुख्यतः वडिलोपार्जित एकत्र मिळकतीपुरती होती. तिने आणखी एक गोष्ट केली ती अशी की, कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी भावांनी मागेपर्यंत बहिणीने मागू नये, हा १९५६ च्या कायद्यातील निर्बंध काढून टाकला. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे बहिणीला राहत्या घरात हिस्सा होता, पण तो मोजून घेण्याची सोय नव्हती.

ही उणीव समाजाने हक्कसोडपत्राने झाकली. माहेरची वाट बंद होऊ नये म्हणून बहिणी सही करीत आल्या. वडिलोपार्जित मिळकतीवरील असे पत्र २०२४ पर्यंत दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर होत असे. स्वेच्छेने केलेला त्याग आदरणीयच. परंतु वारसाची वर्दी देतानाच बहिणीचे नाव गाळले गेले, तर तिने हक्क सोडला की तो तिच्यापासून लपविला गेला, हे दप्तरावरून कळत नाही. म्हणून आधी सर्व वारसांची नावे चढावीत आणि मगच ज्याला सोडावयाचे त्याने नोंदणीकृत लेखाने सोडावे. हा क्रम उलटला म्हणजे औदार्य आणि फसवणूक यांतील भेद पुढच्या पिढीला साक्षीपुराव्याने सिद्ध करीत बसावे लागते.