वाटेवरचें झुडूप कोणाचें?

रस्ता सर्वांचा, हें कोणीहि मान्य करील. पण रस्त्यावर झुकलेली फांदी कोणाची? प्रश्न क्षुल्लक वाटतो. इंग्लंडांत मात्र एके काळीं त्याच्या उत्तरांत वाटसरूचा जीव आणि जमीनदाराची थैली, दोन्ही गुंतलेलीं होतीं.

इ. स. १२८५ मधील गोष्ट. आपल्याकडे तेव्हां देवगिरीस रामदेवराव यादव राज्य करीत होता. ज्ञानेश्वरी सिद्ध व्हावयास अजून पांच वर्षें होतीं. त्या सालीं इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानें विंचेस्टर येथें एक कायदा केला. एका बाजारपेठेहून दुसरीकडे जाणाऱ्या राजमार्गाच्या दोहों बाजूंस दोनदोनशें फूट जमीन मोकळी करावी. कोणास दबा धरून बसतां येईल असें झुडूप किंवा खंदक तेवढ्या अंतरांत राहूं नये, असें त्यांत फर्माविलें होतें. ओक व इतर थोर वृक्ष राखण्यास हरकत नव्हती. त्यांच्या खालीं मात्र रान माजूं द्यावयाचें नाहीं.

खरी मेख पुढेंच आहे. जमीनदारानें झुडपें काढण्यांत कसूर केली व तेथें दरोडा पडला, तर त्याचा जाब जमीनदारानें द्यावयाचा. खून झाला, तर राजाच्या मर्जीस येईल तो दंड भरावयाचा! सुरा चालविणारा कोण, एवढेंच विचारून हा कायदा थांबत नसे. त्यास लपावयास जागा कोणीं ठेवली, हेंहि तो विचारी. राजानें आपल्या खासगी जमिनींस व रानांसहि हाच नियम लावला. दुसऱ्यांस नियम सांगणारे राजे पुष्कळ झाले. म्हणून हें कलम मला विशेष वाटतें.

पुढें चोराइतकीच चिखलाची चिंता वाढली. १५५५ च्या कायद्यानें रस्तादुरुस्ती पॅरिशवर, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दींतील रहिवाशांवर, पडली. प्रत्येक कुटुंबास वर्षांतून चार दिवस विनावेतन राबावें लागे. लौकरच त्याचे सहा दिवस झाले. आपल्याकडील वेठीचीच ही बहीण. रस्त्यालगतचें झुडपांचें कुंपण ठेंगणें राखण्याचें काम मात्र शेजारच्या जमीनवाल्याकडेच राहिलें. १८३५ सालीं ही वेठ उठली, तरी कुंपणाची जबाबदारी उठली नाहीं. कुंपणामुळें रस्त्यास ऊन व वारा मिळत नसेल, तर मालकास तें छाटावयास लावतां येई. तेंहि सप्टेंबरअखेरपासून मार्चअखेरपर्यंतच.

रस्त्यास ऊन हवें, हें ऐकून आपणांस हंसूं येईल. दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्यांत उभ्या असलेल्या स्तंभावर अशोकानें कोरविलें आहे, कीं मनुष्यांस व पशूंस छाया मिळावी म्हणून मीं वाटेवर वड लावविले. आपल्या उन्हांत सांवली हें पुण्य. तिकडील ओलसर हवेंत उंच कुंपणाखालचा रस्ता वाळतच नसे आणि गाड्यांचीं चाकें रुतून बसत.

इंग्लंडांत सध्यां लागू असलेला कायदा १९८० चा आहे. ऊन-वाऱ्याचें कलम त्यांतहि आहे. आणि आतां गाडी हांकणाराची नजर किंवा सडकेवरील दिव्याचा उजेड अडविणाऱ्या फांदीचाहि त्यांत विचार केला आहे. मालकास चौदा दिवसांची नोटीस मिळते. त्यानें ती मानली नाहीं, तर रस्तेखातें स्वतः फांदी छाटतें आणि खर्चाचें बिल त्याच्या घरीं पाठवितें.