सूतभेट आणि विणकराचा ताणा

पूर्व खानदेशातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा खादीचे प्रदर्शनही मांडले होते. मुलूख कापसाचा, परंतु जळगावचा कापूस गिरण्यांकडे जाई आणि गिरणीचेच सूत मागावर परत येई. तेव्हा स्वतः कातलेल्या सुताचे उपरणे भेट देणे हे जुन्या रीतीचे पुनरुज्जीवन मानणे कठीण आहे. तो चळवळीने घडविलेला नवा प्रघात होय.

दोन वार लांब, २७ इंच रुंद उपरण्यास इंचामागे ४० ताणे व ४० बाणे धरल्यास ४,३२० वार सूत लागते. ६४० तारांची गुंडी सुमारे ८५३ वारांची. म्हणजे पाचांहून किंचित अधिक गुंड्या. तासाला ३०० वार काढणाऱ्याचे हे साडेचौदा तास. पण हौशी कातणाराचे सूत कमीजास्त जाड आणि ताण्यात तुटणारे. म्हणून ताणा गिरणीचा व बाणा हाताचा, अशी तडजोड आरंभी होई. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघाने ती शुद्ध खादी मानली नाही.

फैजपूरचे अध्यक्ष नेहरू यांनी तुरुंगात कातलेल्या सुताची साडी इंदिरा गांधी १९४२ मध्ये विवाहसमयी नेसल्या. ती विणणाऱ्याचे नाव मात्र सहसा कोणी सांगत नाही.