बोटीचा डाग, चिंच आणि तांब्याचा पत्रा

औशाच्या माणसाने बोटींवर लिहावं हा तसा विनोदच. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये तर लातूरला पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं होतं. पण पाण्याचे डाग आमच्या चांगल्याच ओळखीचे आहेत. बोअरच्या पाण्याने बादलीवर जो तांबूस-पिवळा थर चढतो, त्याचाच सख्खा भाऊ फायबरग्लासच्या बोटीवर दिसतो, बरोबर पाण्याच्या रेषेशी.

फायबरग्लासवर 'गेलकोट' नावाचा चकचकीत थर असतो. उन्हाने तो हळूहळू खडूसारखा होतो, त्यात बारीक छिद्रं पडतात. पाण्यातलं लोह आणि कुजलेल्या पानांचा रंग त्यात जाऊन बसतो. मग कितीही घासा, ब्लीच मारा, लोहाचा डाग काही हलत नाही. त्याला ऑक्झॅलिक आम्ल लागतं. ते लोहाला धरतं आणि पाण्यात विरघळवून बाहेर काढतं. (विषारी आहे, हातमोजे हवेतच.) आपल्याकडे तांब्याची घागर चिंचेने घासतात, त्यामागचं रसायनशास्त्र साधारण हेच! नंतर चांगलं मेण चढवलं की छिद्रं बंद, आणि पुढचा डाग वरच्यावर राहतो.

पण हे झालं पाण्याच्या वरचं. खरी लढाई पाण्याखाली, आणि ती शेकडो वर्षं जुनी आहे.

लाकडी जहाजाला दोन शत्रू. एक, लाकूड पोखरणारा समुद्री किडा. दुसरा, शेवाळ आणि बार्नॅकल, म्हणजे तळाला घट्ट चिकटणारे कवचवाले जीव. तळ खरबरीत झाला की जहाज मंदावतं, आणि मंदावलेलं जहाज युद्धात सापडतं. अरबी समुद्रातली गलबतं भरतीला किनाऱ्यावर घ्यायची, ओहोटीत तळ खरवडायचा आणि चुना-चरबीचा लेप द्यायचा, हा जुना उपाय. मोठी जहाजं अशी ओढता येत नाहीत, म्हणून कोरडी गोदी लागते. मुंबईत ती १७५० मध्ये झाली. सुरतेहून १७३६ मध्ये आलेले लवजी नसरवानजी वाडिया तिथले प्रमुख कारागीर.

ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. किडा थांबला, बार्नॅकलही थांबले. पण दोनेक वर्षांनी पाहतात तर लोखंडी खिळे गळून चाललेले. खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकत्र आले की बॅटरी तयार होते आणि लोखंड झिजतं. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने हेच उलटं वापरलं. तांबं झिजू नये म्हणून त्याला लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं वाचलं खरं, पण त्यावर बार्नॅकल जोमाने वाढले!

इथे सगळी मेख आहे. तांबं तळ स्वच्छ ठेवत होतं, कारण ते स्वतः विरघळून पाण्यात विष सोडत होतं. विरघळणं थांबवलं की फायदाही संपला. आमच्या भाषेत सांगायचं तर डेव्हीने जो बग दुरुस्त केला, तेच मुळात फीचर होतं :-)

विसाव्या शतकात फायबरग्लास आलं आणि किड्याचा प्रश्न मिटला. बार्नॅकलला मात्र लाकूड काय, फायबर काय, सारखंच. म्हणून टीबीटी हा कथिलाच्या संयुगाचा रंग आला. इतका परिणामकारक की सगळे खूश. मग १९७० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्समधल्या आर्काशॉनच्या खाडीत कालवांची पैदास कोलमडली. इतर ठिकाणी गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटू लागली. फ्रान्सने लहान बोटींवर १९८२ मध्ये बंदी घातली, पण जगभराचा करार अमलात यायला २००८ उजाडलं. तोवर पालवांचे पिढीजात व्यवसाय करणारे लोक किंमत मोजून बसले होते. त्यांच्या बोटी चकचकीत नव्हत्याच.

तळ तसाच सोडून देणंही परवडत नाही. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत विजेत्याला जगप्रदक्षिणेला सुमारे २१२ दिवस लागले, तर तळाला बार्नॅकल धरलेल्या टापिओ लेहटिनेनला ३२२. एकट्या माणसाला भर समुद्रात शंभराहून जास्त दिवस म्हणजे अन्नपाण्याचाच प्रश्न. आता सिलिकोनचे निसरडे रंग आलेत. त्यात विष मारत नाही, चिकटलेले जीव बोट वेगात आली की घसरून पडतात. महाग आहेत, आणि बोट नुसती उभी राहिली तर फारसे उपयोगाचे नाहीत.

असो. मुद्दा इतकाच, की 'स्वच्छ' झालेल्या वस्तूवरून निघालेलं काहीतरी कुठेतरी जातंच. औशात बादली धुतलेलं पाणी झाडाला घालतात, तेव्हा त्यात काय मिसळलंय हे आपोआप पाहिलं जातं. समुद्र मोठा आहे म्हणून ते पाहायला आपल्याला दोनशे वर्षं लागली.